दुर्बिणीतलं खाली, आभाळातलं वर

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस वर बघत बसला तर त्यात नवल काय, असं त्याचे सोबती म्हणायचे. पण हा गडी कामावर जेवढं वर बघायचा, त्याच्या दुप्पट घरी बघायचा. सूर्य बुडाला की स्वारी गच्चीवर. मावळतीकडे उजेड आणि अंधार यांच्या मधला जो चिंचोळा पट्टा उरतो, त्यात एखादा नवा धूमकेतू सापडतो का, ते शोधायचं. तीस वर्षं हाच उद्योग. बायको म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे संध्याकाळी पत्ते कुटतात, माझा रिकामं आभाळ चाळतो. पत्त्यांत निदान कधीतरी डाव लागतो."

डाव एकदा लागला होता, पण अंगावर आला. ऐन उमेदीत त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून एक धुरकट ठिपका हेरला आणि जगभरच्या असल्या बातम्या गोळा करणाऱ्या केंद्राला कळवून टाकला. तो निघाला शेजारच्याच ठळक ताऱ्याचा भिंगात पडलेला कवडसा. झालं, तेव्हापासून कामावर त्याचं नाव पडलं शेपूट. काय शेपूटराव, आज किती पकडले? त्याने ते हसण्यावारी नेलं. धाकट्याने मात्र कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, पुढे ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

लग्न नवं होतं तेव्हा त्याने बायकोला दुर्बिणीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवली होती. टाकी उलटी लोंबकळत होती, पाय वर आणि झाकण खाली. ती दचकून मागे सरली आणि हा पोट धरून हसला. "दुर्बिणीतलं खाली ते आभाळातलं वर," त्याने शिकवलं. "एवढं ध्यानात ठेव, बाकीचं माझ्यावर सोड." मग ते वाक्य घरातच राहायला आलं. दूध उतू गेलं, एकाने म्हणायचं दुर्बिणीतलं खाली, दुसऱ्याने म्हणायचं आभाळातलं वर. पगार कापला गेला, तेच. भांडण मिटवायचं असलं तरी तेच.

बायको शिवणकाम करायची. हाताने तेज, पण स्वभावाने एक नंबरची मनाला लावून घेणारी. खूप वर्षांपूर्वी तिच्या हातून खिडकी उघडी राहिली आणि त्याचे ताऱ्यांचे नकाशे पावसात भिजले. त्याने दुसऱ्याच दिवशी नवे आणले आणि विसरूनही गेला. ती मात्र आभाळ भरून आलं की अजून म्हणायची, "माझ्यामुळे गेले हो तुमचे नकाशे." तो वैतागायचा. म्हणायचा, "अगं बाई, कागद होते ते, माणसं नव्हती."

मग त्याच्या हाडांत दुखणं शिरलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा औषधं दिली, नंतर आणखी जालीम औषधं दिली, आणि शेवटी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, हे समजायला फार शिकावं लागत नाही. ती त्याचे सदरे मशीनवर घेऊन बाजूने आत घ्यायला लागली, आणि घेतलेले पुन्हा घ्यायला लागली. तो मात्र संध्याकाळ झाली की गच्चीवर जायचाच. दुर्बिणीच्या खालच्या टोकाला डोळा लावायचा म्हणजे गुडघ्यांत वाकून मान मागे मोडावी लागे. ते करताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो तिला जिन्यात ऐकू यायचा.

तिला ते ऐकवेना. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे जाऊन तिने एक लहानसा आरसा आणला, काटकोनात वळलेल्या नळीत बसवलेला. दुर्बिणीच्या टोकाला तो लावला की खुर्चीत बसून नुसतं खाली डोकावायचं, मान मोडायला नको. लावताना स्क्रू पिळायचा, तेवढंच काम. ते ती करून द्यायची. तो पहिल्यांदा खुर्चीत बसून डोकावला आणि कितीतरी वेळ उठेचना. "तीस वर्षांत हे सुचलं कसं नाही मला?" तो म्हणाला. ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने शिवण हाती घेतलीच नाही.

आणि त्याच आठवड्यात तो दिसला.

त्याने हाक मारली तीच वेगळ्या आवाजात. तिने डोळा लावला. एक ठळक तारा आणि त्याच्या खाली, काचेवर कुणी हलकेच श्वास सोडावा तसा डाग. त्याने दुर्बीण थोडी इकडे तिकडे हलवून पाहिली. कवडसा असता तर सरकला असता. डाग ताऱ्यांना धरून होता. दुसऱ्या संध्याकाळी तो ताऱ्यापासून आणखी खाली गेलेला दिसला. जागा बदलली म्हणजे तारा नव्हे, कवडसाही नव्हे.

"लिही," तो म्हणाला. त्याच्या बोटांनी फोन धरवत नव्हता. "ताऱ्याच्या वर, आणि रोज वर चाललाय." तिने लिहिलं आणि पाठवलं. दुर्बिणीत खाली दिसला म्हणजे आभाळात वर, यात विचारायचं काय होतं? दोघांच्याही अंगवळणी पडलेली गोष्ट.

केंद्राला एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नसतो. दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय धूमकेतूला नाव मिळत नाही. नाव पाहणाऱ्याचंच लागतं, म्हणून तर नियम कडक. धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याने दोन संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून शोधलं आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

"दादा, तू सांगितलंस तिथे पाहिलं. त्याच्याही वर पाहिलं. काही नाही रे."

"मी पाहिला."

"औषधांची गुंगी असते, दादा."

"मी पाहिला, म्हणतो ना."

धाकट्याने केंद्राला जे होतं तेच कळवलं: शोधला, सापडला नाही. दुसऱ्या गावांतल्या दोघातिघांनीही तेच लिहिलं. त्यानंतर दादाला जिना चढवेना. खाटेवर पडल्या पडल्या तो येईल त्याला विचारायचा, दूधवाल्यालासुद्धा, "मला वेड लागल्यासारखं वाटतं का हो तुम्हाला?" नावाचा हट्ट कधी नव्हताच असं नाही, होता. पण आता त्याला त्याहून कमीच हवं होतं. जाण्याआधी कुणीतरी म्हणावं, तू पाहिलंस ते खरं होतं. बस. बायको म्हणायची, पण बायकोचं म्हणणं कोण धरतो? त्याने स्वतःही धरलं नाही. हळूहळू त्याने विचारणं सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुखण्याने जेवढं खाल्लं नव्हतं तेवढं या एका गोष्टीने खाल्लं.

एका दुपारी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. दुर्बीण तशीच उभी, फडक्याखाली. तिने फडकं झटकलं आणि उगाचच, जुन्या आठवणीने, दुर्बीण समोरच्या टाकीकडे वळवली. आरशात डोकावली.

टाकी सरळ उभी होती. पाय खाली, झाकण वर.

तिने डोळा काढला, पुन्हा लावला. टाकी सरळच. आरशाने उलट्याचं सुलटं करून टाकलं होतं. ताऱ्यांना ना पाय ना डोकं, म्हणून रोज डोकावूनही दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं. दुर्बिणीतलं खाली ते आता आभाळातलंही खालीच होतं. धूमकेतू उतरत होता, आणि त्यांनी सगळ्या जगाला वर बघायला लावलं होतं. करायला गेली काय आणि झालं काय. मान दुखू नये म्हणून आणलेल्या आरशाने नवऱ्याला वेड्यात काढलं होतं.

तिने तिथूनच धाकट्या दिराला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, मी येतो."

तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. दूरच्या कुठल्याशा डोंगरावर आपोआप फोटो काढणारं एक यंत्र होतं. त्याला आदल्या दिवशी एक नवा धूमकेतू सापडला होता. धाकट्याने त्याची वाट मागे मागे मोजत नेली होती. दादाने पाहिलं त्या संध्याकाळी तो त्याच ताऱ्याच्या खाली होता, अगदी दादाने सांगितलेल्या अंतरावर.

खाटेजवळ बसून त्याने हे सगळं सांगितलं. "दादा, तुझी खबर यंत्राच्या आधीची आहे. दिशा तेवढी चुकली. आरसा लावलेला होता, म्हणून वर-खाली उलट झालं, एवढं तू कळव. तू पाहणारा, तुझाच शब्द लागेल. नाव तुझं लागेल, दादा. मी हलकट, मी तुला गुंगी म्हणालो."

दादाचं तोंड भिंतीकडून वळलं. कित्येक दिवसांनी त्या चेहऱ्यावर रंग आला. ओठ हलले. मग त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे गेली.

तिच्या हातात त्याचा सदरा होता, शिवण अर्धी उसवलेली. "माझ्यामुळे झालं हो," ती म्हणाली. "मी तो मेला आरसा आणला नसता तर तेव्हाच..."

तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं, आणि तीस वर्षांची सवय म्हणून तो दाराचा आवाज ऐकून घेईपर्यंत थांबला.

"आरसा?" तो म्हणाला. "त्या दिवशी आरसा नव्हता. दोन्ही दिवस नव्हता. मी काढून ठेवला होता."

"दादा..."

"नुसत्या नळीतून पाहिलं मी. म्हणजे तो ताऱ्याच्या वरच होता. म्हणजे हा नव्हे. असेल कवडसाच. शेपूटरावांचा दुसरा कवडसा." तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाला, "अगं, फोन घे. लिही. माझी खबर चुकीची होती, ती मी मागे घेतो."

"मी नाही लिहिणार."

"आरशाशी काही संबंध नाही, असंही लिही. लिही गं. माझ्याकडे आता भांडायला जीव नाही."

ती धाकट्या दिराकडे बघत राहिली, की हा तरी काही बोलेल. तो खाली मान घालून बसला होता. तिने लिहिलं. त्याने वाचून दाखवायला सांगितलं, तिने वाचलं, मग त्याने पाठवायला लावलं. पाठवल्यावर त्याने डोळे मिटले आणि अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "दुर्बिणीतलं खाली."

पुढचं तिने म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं.

तो गेला त्यानंतर धूमकेतू साध्या डोळ्यांना दिसायला लागला. लोक गच्च्यांवर चढून पोराबाळांना दाखवायचे. त्याला त्या यंत्राचं नाव मिळालं होतं, अक्षरं आणि आकडे. समोरच्या बाईने तिलाही हाक मारली, तुमच्या यजमानांना याची केवढी हौस होती, या ना बघायला. ती गेली नाही. ती मशीनशी बसून आत घेतलेले सदरे उसवत होती, कुणाला तरी देता यावेत म्हणून.

दोन्ही संध्याकाळी आरसा तिनेच बसवला होता. स्क्रू तिने तिच्या हाताने करकचून आवळला होता, कारण त्याच्या बोटांत तेवढा जोर उरला नव्हता. त्याला तो काढताच आला नसता.