केळीच्या हातातला पट्टा

"आई, बाबांचा पट्टा कोणाच्या हातात आहे?"

हिमानीचा आवाज फोनवर इंदूरहून येत होता. मंगलानं गॅस बंद केला.

"कोणाच्याच नाही. का वं?"

"त्यात ठोके येऊ राह्यले. एवढे दिवस मोबाइलवर त्याचं अ‍ॅप उघडून बघायची हिंमत नव्हती झाली. काल उघडलं, तर बाबांच्या नावापुढे नाडी चालू. दुपारी तर बाबा चालतात पण! सच्ची सांग, कोणी घालून फिरतंय का? मला झोप नाही लागली."

"तू ये," मंगला म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

प्रभाकरला जाऊन चौथा महिना लागला होता. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा हिमानीनं तो काळा पट्टा पाठवला होता. मनगटावर बांधायचा, आतल्या अंगाला हिरवा उजेड लुकलुकणारा. पट्टा ठोके आणि पावलं प्रभाकरच्या फोनला सांगे, फोन इंदूरला लेकीला सांगे. त्याची बोटं थरथरत, म्हणून रोज सकाळी पट्टा मंगलाच बांधायची. लग्नात हातात हात दिला होता तेवढाच; पुढं सारा जन्म तो पुढं चालला, ती मागं. त्या शेवटच्या वर्षात मात्र त्याचं मनगट रोज तिच्या ओंजळीत यायचं.

"घट्ट नको वं," तो म्हणायचा. "बैल बांधू राह्यली का?"

त्या घरची एक रीत होती. मनगटावरून उतरलेला दोरा कचऱ्यात टाकायचा नाही. पूजेचा नाडा असो की राखी, हिरव्या झाडाला बांधायचा. तेराव्यानंतर पट्टा मंगलाच्या हाती राहिला. तिच्या लेखी तोही दोराच. बहादरपूरच्या मळ्यात प्रभाकर जिथं बसला आणि उठला नाही, तिथल्या केळीनं नुकताच घड टाकला होता. घडाचा दांडा नेमका मनगटाएवढा. तिनं पट्टा बांधला. हिरवा उजेड चाचपडला, थबकला, आणि वर नाडीचा आकडा उमटला.

मंगला तिथंच मातीत बसली.

कोणाला बोलली नाही. पट्टा विझायला आला की घरी नेऊन चार्जिंगला लावी, परत आणून बांधी. प्रभाकरचा फोन पिशवीत घालून त्या केळीशेजारी भाकर खाई. वारा सुटला की आकडा चढे. वारा पडला की उतरे, जसा दमलेला माणूस सावलीला टेकतो.

हिमानी बसमधून उतरली ती थेट मळ्यात आली. कटाई चालू होती. टोळीचा मुकादम सुपडू कोयता घेऊन त्याच केळीपुढं उभा होता.

"वयनी, एवढाच राह्यला. गाडी भरली. झाडावर पिकला तर कुत्रं नाही विचारणार."

"राहू दे रे सुपडू त्याले."

"प्रभाकरभाऊनं लावेल म्हणून? अवो, सारा मळा भाऊनंच लावेल हाये. मंग मी काय कापू, आभाळ?"

हिमानी दांड्यावरच्या पट्ट्याकडे पाहत होती. तिच्या मोबाइलवर बाबांच्या नावापुढचं लाल हृदय उघडमीट करत होतं. झुळूक आली. पानं सळसळली. मोबाइलवर पावलं वाढली.

"आई," ती म्हणाली, "मी मोबाइलच्या दुकानात विचारून आले. पट्टा उजेड आत सोडतो, परत येईल तो मोजतो. झाडाला बांधा, गुंडाळलेल्या कागदाला बांधा, नाडी दाखवतो कधी कधी. हललं की पाऊल म्हणतो. माणूस आहे का केळ, त्याला मालूमच नाही."

"मले मालूम हाये ना. मी काय येडी?" मंगला म्हणाली. "मंग तुले झोप काहून नाही लागली?"



मंगलानं खोडावर हात ठेवला. बुंध्याशी नव्या केळीचं एक पील वर आलं होतं, कोवळं, गुंडाळलेल्या पानाचं. तिच्या ओठांत सासूच्या जात्यावरचा सूर आला.

*केळीच्या गं जन्माला, एकदाच ओटी*
*घड देऊन जगाला, आई मातीच्या पोटी*

"काप रे," ती म्हणाली.

कोयता फिरला. सुपडूनं घड खांद्यावर घेतला, पट्ट्यासकट, आणि सरीतून निघाला. हिमानीनं मोबाइल छातीशी धरला, तरी नजर जाईच. हृदय थांबलं नव्हतं. आणि पावलं पडत होती, एकामागून एक, माणसाची. बाबा मळ्यातून बाहेर चालले होते.

सरीच्या टोकाला मंगलानं हात आडवा केला. दांड्यावरून पट्टा सोडवला. त्याला केळीचा चीक लागला होता; तो वाळला की डाग जात नाही. तिनं पदरानं पुसला आणि स्वतःचं मनगट लेकीपुढं धरलं.

"बांध."

हिमानीनं बांधला. उजेड लुकलुकला. आकडा आला नाही. तिनं एक भोक आत घेतलं, मग आणखी एक, शेवटचं.

"घट्ट नको वं," मंगला म्हणाली.

पट्ट्यावर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. खाली हिरवा उजेड त्या वाळक्या मनगटात शोधत राहिला.

"आई, हात गार आहे तुझा. म्हणून नसंल येत."

"आसंल," म्हणत मंगलानं त्यावर पदर ओढला. प्रभाकरचा फोन असलेली पिशवी उचलली आणि बांधावरून घराकडे निघाली. मागून येणाऱ्या हिमानीच्या मोबाइलवर बाबांच्या नावापुढं पावलं मोजली जाऊ लागली. ठोका नव्हता.

वाट रिकामी होती. तरी मंगला सवयीनं पुढं एका माणसाची जागा सोडून चालत होती.