तिसऱ्या हौदाची ओळ

“बोलून दे, आयकून घे, मंगच खडू सोड!”

मला इथे पहिल्यांदा टांगणाऱ्या भैय्यालाल मेस्त्रींचा हा आवाज अजून माझ्या लाकडात घुमतो. मित्रांनो, मी गोंदियाजवळच्या एका मोठ्या तांदूळ कारखान्यातली जुनी पाटी आहे. देवरीच्या सागाची, काळी कुळकुळीत.

इथे धान गरम पाण्याच्या हौदांत भिजते, वाफेवर उकडते, मग गिरणीकडे जाते. पाळी बदलली की जाणारा माझ्यावर एकेका हौदाची खबर लिहितो, मोठ्याने वाचतो. येणारा तेच पुन्हा म्हणतो. मग खडू या हातातून त्या हातात. खडू गेला की जबाबदारी गेली. मध्ये मोबाइल आले तेव्हा मला अडगळीत टाकले. गिरणीवाले आणि उकडावाले एकमेकांकडे बोटे दाखवू लागले, तशी पुन्हा टांगली. अंगभर खडूची भुकटी, पण मी सुखात आहे.

एक ओळ मात्र मला टोचायची. ‘हौद तीन : ठीक.’ तो हौद तापवायचे काम नऊ वर्षे पतिरामभाऊंकडेच; त्यांचे तेच अक्षर, आणि तिथे खडू जरा जास्तच दाबलेला.

परवा त्यांची बदली गोदामात झाली. जागेवर आली प्रयोगशाळेतली दिव्या. तिची ही पहिलीच पाळी. पाणी फार तापले तर तूस फाटते, तांदूळ लाल पडतो. हौदभर धान वाया आणि बोल तिला.

“हौद तीन ठीक,” पतिरामभाऊंनी वाचले.

“हौद तीन ठीक. काटा बासष्ट अंशावर आहे. सत्तर झाला का वाफ बंद करते, काका.”

“हव.”

तिने खडू धरला. खडू सुटेना.

“सोडा ना काका! गोदामात खडू बी नेता का?”

ते हसले नाहीत.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्ही लिहाल तेवढेच मी सांगते. म्हणून मला पुसण्याआधी वाचा, आणि काही राहिले असेल तर खडू सोडू नका.

पतिरामभाऊंनी तळहाताने तिसरी ओळ पुसली. झाऱ्याने हौदातले चार दाणे काढले.

“वाफ बंद कर आधी. तिसऱ्याचा काटा खोटा आहे, पोरी, आठ कमी दाखवते. पाना माह्याच हातून पडला होता त्यावर. भेव लागला, सांगितलो नाही. नऊ वर्सं दाना चावून, अंदाजानं चालवलो. घे, चाव.”