सेंट हेडविगचं पुढचं दार

सेंट हेडविग हायस्कूलच्या पुढच्या दारातून मुलांनी जायचं नाही, हा नियम. ते दार बिशपसाहेबांसाठी. पोरंपोरी, दूधवाला, नळवाला, सगळे बाजूच्या दारानं. मात्र जूनच्या पहिल्या रविवारी शाळा संपवणारी मुलं आयुष्यात एकदाच तिथून बाहेर पडत. वर्गशिक्षिका दारात उभी राहून एकेकाचं पूर्ण नाव पुकारी, आणि आपलं नाव कानावर पडल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे.

एवढं लिहून बर्नाडीन फेनेल थांबली. शाळेचा इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. एकोणीसशे बावीस साली खाणीतल्या पोलिश मजुरांनी पाळी संपवून, दमल्या हातांनी पाया खणला, तिथपासून ते दोन हजार सातला त्रेसष्ट मुलं उरली म्हणून कुलूप लागलं, तिथपर्यंत. आता दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी इमारत पाडणार होते. त्याआधीच्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांना आत सोडणार, आणि तेव्हा ही पुस्तिका वाटायची. सगळं लिहून झालं होतं. शिक्षकांच्या यादीत एकच जागा रिकामी होती. सिस्टर अल्फोन्सा, भूमिती. मृत्यू कधी?

महिना तिला तोंडपाठ होता. मार्च एकोणसत्तर, तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. त्या आठवड्यात सिस्टर खोकत होत्या. एका सकाळी वर्गात आल्याच नाहीत. त्यांच्या जागी मदर सुपीरिअर आल्या, खाली बघत म्हणाल्या, "सिस्टर अल्फोन्सासाठी प्रार्थना करा," आणि पुस्तक उघडलं. बस्स. अडतीस मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रार्थना करा म्हणजे काय, हे खाणवाल्यांच्या पोरांना कुणी समजावायची गरज नव्हती. मधल्या सुट्टीत मुली हमसून रडल्या. तेव्हापासून दर नोव्हेंबरला चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात, त्यात सिस्टर अल्फोन्सा ठरलेल्या. ते नाव यादीत घातलं होतं बर्नाडीननंच.

तिनं तारखेसाठी सिस्टरांच्या मुख्य मठाला पत्र टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं. ते ती चर्चच्या तळघरात घेऊन गेली. तिथं दर गुरुवारी बायका विक्रीसाठी पिएरोगी करायला बसत. तिची वर्गमैत्रीण स्टेला मॅझूर बटाट्याचं सारण भरून कडा दाबत होती.

"वाच," बर्नाडीन म्हणाली.

"हात पिठाचे आहेत. तूच वाच की."

"सिस्टर अल्फोन्सा यांनी मार्च एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये व्रत सोडलं. मृत्यूची नोंद नाही. श्रीमती थेरेसा कुझ्मा या नावानं दर नाताळला त्यांचं कार्ड येतं." पुढे जवळच्याच गावातल्या एका वृद्धाश्रमाचा पत्ता होता.

स्टेलानं हातातली पिएरोगी तशीच खाली ठेवली. "अगं बाई! म्हणजे पंचावन्न वर्षं आपण जित्या बाईला मेल्यात काढतोय?"

"मदर म्हणाल्या ना, प्रार्थना करा."

"सोडून गेलीय म्हणून करा, असं नको का सांगायला? माझ्या आईनं तिच्यासाठी नऊ दिवस फक्त पाव खाल्ला होता गं!" स्टेला हसायला लागली, मग तिचं लक्ष बर्नाडीनच्या चेहऱ्याकडे गेलं. "तू का रडतेस? जिवंत आहे ना ती?"

तेच तर दुखत होतं. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही. बर्नाडीन माहेरच्या आडनावानं वोयतास, इंग्रजी W वरून, म्हणजे यादीत कायम शेवटची. दुधाच्या रांगेत शेवटची, फोटोत कडेला. शिक्षिकांचा आवाज तिच्या नावापर्यंत येईतो बसलेला असायचा. सिस्टर अल्फोन्सा त्या वर्षी तिच्या वर्गशिक्षिका; एकदा त्यांनी तिला थांबवून सांगितलं होतं, "जूनमध्ये तुझं नाव मी सगळ्यांत मोठ्यानं घेणार. तुझा बाप खाणीच्या तोंडाशी उभा असला तरी त्याला ऐकू जाईल." आणि जूनमध्ये कुठल्याशा परक्या सिस्टरनं कागदावरून पुटपुटल्यासारखं वाचलं. बर्नाडीन उंबरा ओलांडून गेली खरी, पण आपण त्या शाळेतून बाहेर पडलो असं तिला कधी वाटलंच नाही. नवरा झाला, पोरं झाली, शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं गेली, नवरा गेला, तरी ती त्या दाराशी उभीच.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात पोचली. खिडकीपाशी लाल स्वेटर घातलेली, आखूड पांढऱ्या केसांची म्हातारी एकटीच पत्ते लावत बसली होती. कपाळ झाकलेलं नव्हतं, तरी बर्नाडीननं भुवया ओळखल्या.

"सिस्टर..."

"इथं मला टेरी म्हणतात." म्हातारीनं चष्मा वर केला आणि तिला निरखून पाहिलं. "थांब, सांगू नकोस. बर्नाडीन रोझ वोयतास. भूमितीत पक्की, आणि बोलायची वेळ आली की मूग गिळून बसणार."

बर्नाडीननं सगळं सांगून टाकलं. प्रार्थना, नोव्हेंबर, यादी. म्हातारी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "तरीच! दर नोव्हेंबरात माझे गुडघे बरे कसे राहतात, ते आत्ता कळलं!"

"हसू नका हो," बर्नाडीन म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी रडलेय तुमच्यासाठी. जिवंत होतात, आणि एक ओळ लिहिली नाहीत?"

थेरेसाचं हसू विरलं. तिनं पत्ते गोळा केले.

"लिहायची परवानगी नव्हती. निरोप घ्यायचीही नव्हती. तुम्ही पोरं मिस्साच्या प्रार्थनेला बसला होतात, तेव्हा मला शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर काढलं. अंगात कुणाचा तरी तपकिरी कोट, बाह्या इथवर. आतून तुमचं गाणं ऐकू येत होतं. पुढे लिहिता आलं असतं गं. पण तोवर लाज वाटायला लागली होती."

"का सोडलंत?"

"लोकांना वाटतं पुरुष असणार. तो फार नंतर भेटला, आणि बिचारा लवकर गेला. मला आपलं स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, आणि मोठ्यानं हसायला हवं होतं. एवढंच."

"शनिवारी या. शेवटचं उघडणार आहेत."

"नाही. त्या घरानं मला चोरासारखं घालवलं. आता पडायला आलं म्हणून मी गळा काढायला येऊ?"

बर्नाडीन उठली. दारापर्यंत गेली. पुन्हा मूग गिळायचे असतील तर वय चौऱ्याहत्तर कशाला झालं, असं मनाशी म्हणून ती वळली.

"तुम्ही माझं नाव घेणार होतात."

थेरेसानं पत्ते पिसले आणि पुन्हा मांडायला घेतले.

शनिवारी शंभरेक माणसं आली. भिंतींना ओल, फळ्यांवर धूळ, तरी जो तो आपला बाक शोधत होता. स्टेलानं पुस्तिका वाटल्या. यादीत सिस्टर अल्फोन्सापुढे मृत्यूच्या जागी नुसती रेघ होती, आणि ज्याला त्याला स्टेला ती रेघ समजावून सांगत होती. बर्नाडीन दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे पाही. कुणी आलं नाही. दुपार कलली, पाडकामाचा मुकादम किल्ल्या वाजवू लागला, माणसं पांगली.

तेवढ्यात मागे भांडी आपटल्यासारखा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या बोळातून काठी टेकत थेरेसा येत होती. लाल स्वेटर, कोपराला जळमटं लागलेली.

"अहो, इकडून कुठे?" स्टेला ओरडली.

"जिथून घालवलं तिथूनच येणार ना! तुझं बोलणं अजून तसंच आहे, मॅझूर."

तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. थेट पुढच्या दाराशी गेली आणि मुकादमाला म्हणाली, "उघड." त्यानं बर्नाडीनकडे पाहिलं, मग कुलूप काढून खांदा लावला. फुगलेलं दार करकरत उघडलं. बाहेर पायऱ्या होत्या, गवत होतं, आणि पलीकडे बंद खाणीचा काळा ढिगारा.

थेरेसा दाराच्या बाजूला उभी राहिली. काठी तिनं स्टेलाकडे दिली. पाठ ताठ केली.

"बर्नाडीन रोझ वोयतास!"

त्र्याऐंशी वर्षांच्या बाईत एवढा आवाज कुठून आला, देव जाणे. रस्त्यावर गाडीत बसायला निघालेली माणसं थबकून मागे वळली. बर्नाडीननं डोळे पुसले आणि उंबरा ओलांडला. तीन पायऱ्या उतरली. ढिगाऱ्याच्या बाजूला आता तिचा बाप उभा असणार नव्हता, तरी तिनं तिकडे पाहून घेतलं.

मग ती वळली. थेरेसा अजून आतच उभी होती. हातात काठी नाही, डोळे उंबऱ्यावर. ते दार तिच्यासाठीही कधी उघडलं नव्हतं.

बर्नाडीननं आयुष्यात कधी मोठ्यानं कुणाला हाक मारली नव्हती. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"थेरेसा कुझ्मा!"

आणि ती हात पुढे करून पायरीवर थांबली.