मोजणीत न दिसलेलं

ठकीच्या फ्रॉकची बटणं लावता लावता जाऊबाई म्हणाल्या होत्या, “आकडा चांगला आला म्हणून निवांत बसू नकोस गं. आकडा आमचाही चांगलाच होता.”

तिने ते कानाआड केलं होतं. दुसऱ्या बाळासाठी करून घेतलेली नवऱ्याच्या शुक्राणूंची मोजणी उत्तम आली होती आणि घरात चार वर्षांची ठकी धुडगूस घालत होती. जाऊबाईंच्या लग्नाला बारा वर्षं होऊनही त्यांच्याकडे पाळणा हलला नव्हता. थोरल्या दीरांची मोजणी चांगली, तेव्हा खोट बाईतच, असा निकाल घरादाराने केव्हाच लावून टाकला होता. बाईंचं दुःख बोलतंय, असं तिला वाटलं. त्यानंतर दीड वर्षात तिचे दोन गर्भ टिकले नाहीत.

आता भर दुपारी ती प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत नवऱ्याशेजारी उभी होती. बाहेर बाकावर जाऊबाई ठकीला घेऊन बसल्या होत्या. दाराच्या फटीतून ठकीचा बूट दिसतोय ना, हे ती दर मिनिटाला वळून बघत होती.

“इकडे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पडदा उजळला.

ती दाराकडे बघायचं विसरली. काळ्याभोर पडद्यावर हिरवट ठिपके लखलखत होते. काही गोल, गरगरीत. बाकीच्यांच्या मागे धुरकट उजेडाचा लांबच लांब पिसारा.

“धूमकेतू!”

“आम्हीही तेच म्हणतो. हा एकेक ठिपका म्हणजे एका शुक्राणूतला डीएनए. विजेच्या हलक्या प्रवाहाने ओढून बघतो आम्ही. अखंड असला तर जागचा हलत नाही. तुटला असला तर तुकडे असे मागे वाहत जातात.”

“आमच्या गॅरेजात एवढी झळाळी कधी आली नाही बुवा,” नवरा म्हणाला. तो आणि थोरला भाऊ मिळून गाड्या रंगवत. कुणी हसलं नाही, तोही नाही.

“पण यांचा आकडा तर...”

“मोजणीत डोकी मोजतात. आत काय तुटलंय ते कळत नाही.” डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “आणि तुटणं रोजचंच आहे हो. आपल्या एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी तुटतं आणि सांधलं जातं. ज्या पेशींपासून शुक्राणू बनतात, त्यांतही दुरुस्तीची जनुकं असतात. यांची तपासली. एक अक्षर चुकलेलं नाही. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा जास्त बसल्यात, म्हणून ती गप्प झालीत.”

“रंगाच्या वाफांनी?” नवऱ्याने विचारलं. “मास्क आम्ही दोघं भाऊ कधी लावतच नाही.”

“असेल. ठाम नाही सांगता येत. मात्र या खुणा कायमच्याच असतात असंही नाही. मास्क लावा, सिगारेट सोडा. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

“मग ठकी?” तिचा आवाज बारीक झाला.

“स्त्रीबीजाकडे दुरुस्तीचं स्वतःचं सामान असतं. बापाकडून काही तुटकं आलं, तर पहिल्याच दिवशी ते सांधायला घेतं. दरवेळी जमत नाही. ठकीच्या वेळी नेमकं काय झालं, ते कुणालाच कळायचं नाही. कदाचित तेव्हा जमलं.”

पहिल्याच दिवशी. त्या दिवशी ती काय करत होती? कपडे वाळत घालत असेल, गॅसवाल्याशी हुज्जत घालत असेल. आणि तिला पत्ता नसताना आत, उजेडाशिवाय, डोळ्यांशिवाय, कुणीतरी तुटलेली टोकं शोधून एकेक जोडत बसलं होतं. तिने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बाहेर येऊन तिने ठकीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली, “आई, चेपलं ना मला!”

नवरा पुढची तारीख घ्यायला खिडकीकडे गेला. ती जाऊबाईंना सांगू लागली. अंधार, ठिपके, उजेड. शब्द पुरेनात.

“आणि ताई, जे तुटलेले असतात ना, त्यांना...”

“शेपट्या असतात,” जाऊबाई म्हणाल्या. त्या ठकीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. “आमच्यात गोल एकही नव्हता गं. सगळं आभाळच वाहत निघालेलं. इतकं सुंदर, की रडायचंच राहून गेलं.”

ती त्यांच्या शेजारी बाकावर टेकली.

“कधी?”

“नऊ वर्षं झाली. नमुना देऊन हे कामावर गेले होते. पडदा मी एकटीनेच बघितला.”

“आणि भाऊजींना?”

“सांगितलं की. म्हटलं, माझ्यातच आहे.” त्यांनी नाडीची गाठ ओढून पाहिली. “त्यांना सोसलं नसतं. मला सोसलं.”

नवरा चिठ्ठी घेऊन येताना दिसला, तशा त्या उठल्या आणि ठकीला कडेवर घेऊन पुढे चालू लागल्या. ही बाकावरच बसून राहिली. इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून आपण या बाईला एकदाही “कशा आहात?” असं विचारलं नाही, हे तिला तिथे बसल्यावर कळलं.

तुमच्याही घरात, शेजारात अशी कुणी असेल, जिचा निकाल केव्हाच लागून गेलाय. आज जरा तिच्याकडे डोकावून या. सल्ला देऊ नका. नुसत्या बसा तिच्याजवळ, ती बोलेपर्यंत.