रेडिओवहिनींची सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. बसमधली नाही, सिनेमाघरातली नाही, मालट्रकमधली. त्यातही ड्रायव्हरची नव्हे, ड्रायव्हरच्या शेजारची. माझ्यावाचून गाडीचं काही अडत नाही. अडतं ते माणसाचं. पण हे कंपनीला अजून कळलंय असं मला वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, आत स्प्रिंगा, वर जाड स्पंज आणि त्यावर काळं रेक्झिन. माझा पक्केपणा तपासायला एका धिप्पाड मुकादमाला माझ्यावर बसवलं. मी अशी उसळले, की तो थेट छताच्या पंख्यावर जाऊन बसला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत गरगरत राहिला. खोटं वाटतं? वाटू द्या. थापा मारायची ही विद्या मी पुढे एका बाईकडून शिकले. ही गोष्ट तिचीच आहे, आणि तिच्याबद्दल जे सांगेन त्यात मात्र एकही थाप नाही.

आमच्या ट्रकवर जो ड्रायव्हर आला, त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. त्याच्यामागून येणारी गोगलगायसुद्धा हॉर्न देते, अशी त्याची टिंगल चाले. पण त्याच्या हातून मालातली एक बशीही कधी फुटली नाही. सुरुवातीला माझ्यावर एक मदतनीस बसायचा. खर्च वाचवायचा म्हणून त्याला कमी केलं, तेव्हा कंपनीचे म्हातारे मालक सावकाशला म्हणाले, "एकटा कंटाळशील. बायकोला नेत जा बरोबर."

नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. बायको आली ती आलीच. चणीनं एवढीशी, दांडी धरून, पायरीवर पाय देऊन एका झटक्यात वर चढायची आणि बसली की तोंडाचा पट्टा सुरू. बाकीच्या ड्रायव्हरांनी तिचं नाव रेडिओवहिनी पाडलं. लांबच्या सरळ रस्त्यावर नवऱ्याचा डोळा लागू नये, म्हणून ती गोष्टी रचायची. एका ट्रकात म्हणे उशा भरल्या होत्या. तो ज्या गावातून जाई ते अख्खं गाव झोपी जाई. न्हावी अर्धी दाढी करून झोपला, मास्तर फळ्यावर बेरीज मांडून झोपले, चोर खिडकीत एक पाय टाकून झोपला. "आणि ड्रायव्हर?" सावकाश विचारायचा. "तो कसा झोपेल? शेजारी मी होते ना," ती म्हणायची. मग दोघं इतकी हसायची, की माझ्या स्प्रिंगा किणकिणायच्या.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. तिनं माझ्यावर निळ्या फुलांची खोळ शिवली. माझ्या पाठीला टेकून ती मटार सोलायची, बटणं लावायची, आणि घाटात मात्र तोंड मिटून दोन्ही हातांनी मला घट्ट धरायची.

पुढे म्हातारे मालक गेले आणि त्यांची लेक कारभार पाहू लागली. बाई वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. पण विमेवाल्यांनी सांगितलं, की केबिनमध्ये ड्रायव्हरशिवाय कुणी दिसता कामा नये. समोर कॅमेरा बसला. माझ्यावर कुणी बसलं की तो टुकटुक करून ओरडायचा. रेडिओवहिनी घरी राहिल्या. माझ्यावर पाण्याची बाटली आणि रिकामा डबा बसू लागले. त्यांना गोष्टी येत नव्हत्या.

तेव्हापासून ड्रायव्हर टिकेनासे झाले. गेटवर 'ड्रायव्हर पाहिजेत' अशी पाटी लागली, ती काही उतरली नाही. ऊन लागून फिकी पडली की परत रंगवायचे. बाईंनी पगार वाढवला. टोप्या वाटल्या, जर्किनं वाटली. टोपी घालून माणसं दुसऱ्या कंपनीत गेली. जो गेला त्याची फेरी, जो राहिला त्याच्या बोडक्यावर. मग तोही गेला. गोदामाच्या फाटकाबाहेर माल उतरायची वाट बघत रांगेत सडायचं, तर ते कामात धरायचे नाहीत. चाकं फिरली तर काम, थांबली तर आराम, असा सगळा न्याय.

सावकाश मात्र राहिला. फेऱ्या लावणाऱ्या कारकुनाकडे त्याचं एकच मागणं होतं. शेजारच्या मावशींचा निरोप आला होता, की वहिनी विसरायला लागल्यात. शेगडी पेटवून तशीच ठेवतात, गोष्ट सुरू करतात आणि मधेच गप्प होतात. संध्याकाळी घरी पोचता येईल अशी जवळची फेरी द्या, एवढंच तो म्हणत होता. कारकुनाला सगळे 'उद्याभाऊ' म्हणत, कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्ट उद्या व्हायची. तोही बिचारा काय करणार? माणसं कमी, माल जास्त. "एवढी एक लांबची फेरी मार, सावकाश, पुढच्या आठवड्यात नक्की," तो म्हणायचा. असे पुढचे आठवडे आले आणि गेले. बाटलीनं आणि डब्यानं काही विचारलं नाही, म्हणून सावकाश माझ्याशीच बोलू लागला. "आज काय सांगत असेल गं ती?" असं तो मला विचारायचा. मला तोंड असतं तर!

मग ती दुपार आली. आम्ही लांबची फेरी संपवून परतत होतो. त्याचं घर हमरस्त्याच्या कडेलाच होतं. बघतो तर वहिनी रस्त्यालगत उभ्या, पायांत दोन वेगळ्या चपला, आणि मावशी त्यांचा हात धरून. सकाळपासून हलत नाहीत, प्रत्येक ट्रक बघतात, असं मावशींनी सांगितलं. सावकाशनं गाडी बाजूला घेतली, दार उघडलं. त्यांचे पाय मात्र काही विसरले नव्हते. दांडी धरून, पायरीवर पाय देऊन, एका झटक्यात त्या वर आल्या आणि माझ्यावर बसल्या. कॅमेरा टुकटुकायला लागला. सावकाशनं त्यावर आपली टोपी अडकवली आणि गाडी अगदी हळू सुरू केली.

किती हलक्या झाल्या होत्या त्या. मला वाटलं, आता गोष्ट येणार. पण त्यांनी थाप मारली नाही. त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि अदबीनं, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या.

"तुम्ही नवीन दिसता. या गाडीवर आमचे हे असतात."

सावकाशनं गाडीचा वेग आणखी कमी केला.

"वाटेत भेटले ना, तर सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणावं, घाई करू नका. मी जागी आहे."

त्यानं रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

"सांगतो, वहिनी."

मित्रांनो, माझ्यावर कितीतरी ओझी आली, पण त्या दोन शब्दांइतकं जड काही मी पेललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीच्या आवारात गाडी लावली आणि आपलं सामान पिशवीत भरलं. बाई स्वतः ऑफिसातून धावत आल्या. नवा ट्रक देते, पगार वाढवते, चूक काय झाली तेवढं सांगा, असं त्या खरंच कळवळून म्हणत होत्या.

"बाई, रोज समोर दिसलो तर ती मला परत ओळखेल, असं वाटतंय," सावकाश म्हणाला. "ते पगारात कसं बसवणार तुम्ही?"

उद्याभाऊनं वहीत लिहिलं, घरगुती कारण. पाटी पुन्हा रंगवली गेली.

त्याच्यानंतर आमच्या ट्रकवर किती आले आणि किती गेले. एकाचं तान्हं बाळ त्याला बघून रडायचं. एकाचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. एकाला घरच नव्हतं, पण बोलायला कुणीतरी हवं होतं. दोन-तीन लांबच्या फेऱ्या झाल्या की प्रत्येक जण माझ्याशी बोलू लागतो, आणि माझ्याशी बोलू लागला की मला कळतं, हाही आता जाणार.

मध्यंतरी आमची फेरी त्याच रस्त्यानं गेली. घराबाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. कुणाला सांगतोय, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सावकाश त्यांच्या शेजारी बसला होता. आमच्या ट्रककडे त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तो ऐकत होता.

माझं रेक्झिन आता फाटलं आहे. ते शिवा, अशी माझी विनंती नाही. पण तुमच्या घरी कुणी दमून, उशिरा, धुळीनं माखून येत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. नुसतं बसा, आणि त्याला कळू द्या, की तुम्ही जागे आहात.