पेंढ्याचे वासरू

मित्रांनो, मी एक जुने वासरू आहे. वासरू जुने कसे असेल, ते मोठे होऊन गाय नाहीतर बैल होते, असे तुम्ही म्हणाल. तुमचे बरोबर आहे. पण मी दोन वर्षे तेवढाच राहिलो आहे, कारण माझ्या पोटात पेंढा भरलेला आहे.

शहराच्या कडेला, गाड्या धुण्याच्या दुकानाला लागून एक पत्र्याचा गोठा आहे. तिथे माझा जन्म झाला. मालकाने माझी शेपटी उचलून पाहिली, ‘गोऱ्हा आहे’ म्हणाला आणि हात धुवायला निघून गेला. गोऱ्हा पुढे दूध देत नाही, तेव्हा त्याला दूध पाजणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. मला आईला जेमतेम तोंड लावू देत. तिला पान्हा फुटला की दावे ओढून मला बाजूला बांधत. माझ्या वाट्याला ओठांवरचा फेस यायचा. मी वाळत गेलो आणि एका सकाळी उठलोच नाही. मला कोणी मारले नाही, एवढे मात्र मालकाच्या बाजूने सांगायला हवे.

मग माझ्या कातड्याला मीठ लावले, ते उन्हात वाळवले आणि पेंढा भरून सुतळीने शिवले. पायांच्या जागी काठ्या आल्या. मला आईपुढे उभे केले, तशी तिने मला हुंगले, चाटले आणि दूध सोडले. मालकाने आजूबाजूच्या गोठेवाल्यांना बोलावून माझी शिवण दाखवली. जिवंतपणी माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते.

मालकाच्या बायकोला मात्र माझ्याकडे बघवत नसे. तिचे पहिले बाळ जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले होते. एकदा धार काढताना तिने नवऱ्याला विचारले, “बाळ गेलं तेव्हा मलाही दूध आलं होतं. कोणी माझ्या मांडीवर चिंध्यांचं बाहुलं ठेवून ते काढून नेलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

“हात तोडले असते त्याचे.” मालक ताडकन म्हणाला. बाळाचे नाव तो कधीच काढत नसे. मग म्हणाला, “पण ही गाय आहे.”

“म्हणून तर विचारते.”

त्याने गाईचे दावे घट्ट केले. तुझ्या चहाला दूध लागतेच ना, एवढे पुटपुटला. त्या संध्याकाळचा चहा ती प्यायली, दुधाचाच.

दुसऱ्या दिवशी तिने मला माळ्यावर पोत्यांमागे लपवले. मला बरे वाटले. आता आईला खरे काय ते कळेल, चार दिवस हंबरेल आणि मोकळी होईल, असे मी समजत होतो. पण आईने दूध धरून ठेवले. आईने आपल्या लेकराचे दूध दुसऱ्याला दिले नाही, तर माणसे म्हणतात, गाय दूध चोरते. मालकाने मला शोधले, मी सापडलो नाही, तेव्हा त्याने पान्हा सोडायला लावणारी इंजेक्शने आणली. सकाळ-संध्याकाळ सुई. आईच्या मानेवर गाठी आल्या. सुई दिसली की ती थरथर कापायची, आणि तिला धरून ठेवायचे काम मालकिणीकडे आले होते.

शेवटी मालकीणच माळ्यावर चढली. माझ्यावरची जळमटे तिने पदराने पुसली आणि मला आईपुढे ठेवले. आईच्या कानाशी वाकून म्हणाली, “खोटं आहे गं. पण दुखणार नाही.”

आई मला चाटू लागली. माझ्यासाठी कोणी काही करू पाहिले ते एवढेच, आणि ते असे संपले.

मित्रांनो, जुनी छत्री किंवा जुनी खुर्ची आपली कहाणी सांगून झाली की ‘आम्हाला जपा’ म्हणते. माझी तशी तक्रार नाही. मला ऊन दाखवतात, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालतात, पावसात प्लास्टिकने झाकतात. जपायचेच असेल, तर समोर आखूड दाव्याने बांधलेल्या माझ्या भावाला जपा. आई यंदा पुन्हा व्याली, आणि पुन्हा गोऱ्हाच झाला. याला एक सड तरी पिऊ द्या, असे मालकीण म्हणाली, तर मालक ‘बघू’ म्हणाला. भावाच्या बरगड्या मला इथून दिसतात.

माझे कातडे आता कानांपाशी विरले आहे. कालपासून मालक भावाच्या पाठीवरून हात फिरवून पाहू लागला आहे, आणि त्या बिचाऱ्याला वाटते, आपले लाड चालले आहेत.