क्वीन स्ट्रीटवरचा चौथा थांबा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मेरेआना तौतारी क्वीन स्ट्रीटवरच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानासमोर थांबली. तिथे थांबायचं नाही, असं तिला आदल्या संध्याकाळी लेखी कळवलेलं होतं.

तिच्या मागे जहाजातून उतरलेले अठरा प्रवासी होते. अकरा वर्षं ती ऑकलंडचा हा मुख्य रस्ता लोकांना पायी दाखवत होती. जवाहिऱ्याची तक्रार अशी, की ही बाई दारात गर्दी जमवते आणि गिऱ्हाइकांच्या कानावर गटाराच्या गोष्टी घालते. सहलींची कंपनी चालवणाऱ्या ग्रॅहम पेलने तक्रार वाचली आणि चौथा थांबा कापला. ऐकलं नाही तर वाटाड्याचा बिल्ला जमा करावा लागेल, हेही लिहिलं. बिल्ला गेला की काम गेलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काम मिळणं अवघड होतं.

एक सवलत मात्र त्याने दिली होती. चालता चालता ‘इथे पूर्वी नाला होता’ एवढं सांगायला हरकत नाही.

नेमकं तेच तिला झोंबलं. न्यूझीलंडचा मूळचा माओरी माणूस ओळख सांगताना आधी आपला डोंगर सांगतो, मग आपलं पाणी. स्वतःचं नाव शेवटी. तौतारींच्या घरात पाणी म्हणून वाइहोरोतिउचं नाव घेतात. हा ओढा या रस्त्याच्याच जागी उघड्यावर वाहायचा, तिची माणसं त्यात वाम मासे पकडायची. गोऱ्यांनी काठावर दुकानं बांधली, घाण त्यात सोडली, वास सोसवेना तेव्हा वरून झाकून टाकला.

दुकानाचा पहारेकरी फेतू बाहेर आला. हा सामोआचा, धिप्पाड, रोजचा ओळखीचा.

“मावशी, आज नको ना. मालक आत बसलाय.”

“बसू दे. त्यालाही ऐकू जाईल.”

तिने डोंगर सांगितला, ओढा सांगितला आणि फुटपाथवरच्या लोखंडी झाकणाकडे बोट दाखवलं. वाकून ऐका, म्हणाली. एक बस गेली, सिग्नल लाल झाला. नऊ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता, तरी खालून पाण्याचा आवाज येत होता. फेतूने काचेआडून खुणावणाऱ्या मालकाकडे पाठ केली आणि हात पसरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना गर्दीच्या बाजूने वाट करून दिली.

तेवढ्यात पेलचा फोन आला. लगेच पुढे चल, असं तो म्हणाला.

“ग्रॅहम, तुझे पणजोबा कुठल्या जहाजातून उतरले ते तू सगळ्यांना सांगतोस,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “जहाज वगळ, असं तुला कोणी म्हणतं का? आणि हा नाला नव्हता. नाला तुम्ही केलात.”

संध्याकाळी पाचपर्यंत बिल्ला कार्यालयात आणून दे, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग तिने आपलं नाव सांगितलं आणि राहिलेले पाच थांबे वेळेत पुरे केले.

पाच वाजले तेव्हा बिल्ला तिच्या कोटावरच होता. बुधवारच्या दहाच्या फेरीसाठी एकवीस जणांनी नावं नोंदवली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर वाटाड्याच्या नावाची जागा सात वाजले तरी रिकामीच होती; ना तिचं नाव, ना दुसऱ्या कोणाचं.